गवताच्या आत राहणाऱ्या बुरशींची नावं आणि वर्गीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतिशास्त्राचे आणि कृषीचे विद्यार्थी गवतातल्या बुरशींवर वाचायला घेतात आणि पहिल्याच दिवशी नावांत अडकतात. एका लेखात अॅक्रेमोनियम, दुसऱ्यात निओटायफोडियम, तिसऱ्यात एपिक्लोई. जनावरं तीच, लक्षणं तीच, गवतही तेच. हा गोंधळ सुटण्यासारखा आहे, आणि सोडवताना बुरशीचा स्वभावही कळत जातो. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

गवताच्या आत राहणारी बुरशी म्हणजे नेमकं काय?

काही बुरशी गवताच्या शरीरात, दोन पेशींच्या मधल्या जागेत राहतात. वरून गवत हिरवंगार आणि निरोगी दिसतं. डाग नाही, कुज नाही. अशा बुरशीला अंतर्वासी बुरशी किंवा सरळ एंडोफाइट म्हणतात. या पानावर मुख्यतः एपिक्लोई या प्रजातीबद्दल लिहिलं आहे, कारण नावांचा सगळा इतिहास तिच्याभोवती घडला. ती क्लॅव्हिसिपिटेसी कुळातली, म्हणजे बाजरीवर अरगट हा कणसाचा रोग आणणाऱ्या क्लॅव्हिसेप्सची भाऊबंद. थंड हवामानातल्या गवतांत ती राहते. तिच्या अनेक जाती गवताच्या फुलोऱ्यात शिरतात, तिथून बियाण्यात, आणि बियाण्यातून पुढच्या पिढीत.

आधी एक खुलासा. मराठी विश्वकोशाच्या पद्धतीप्रमाणे इथे 'प्रजाती' म्हणजे नावातला पहिला शब्द आणि 'जाती' म्हणजे दोन शब्दांचं पूर्ण नाव. बोलताना पुष्कळ जण हे उलटसुलट करतात, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

टॉल फेस्क्यू गवतातल्या एकाच बुरशीला चार नावं कशी पडली?

हे उदाहरण नीट समजलं की बाकीचं सोपं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

1931 मध्ये केंटकी विद्यापीठातले ई. एन. फर्गस यांनी मेनिफी काउंटीतल्या एका शेतावर उतारावरचं एक दणकट फेस्क्यू पाहिलं आणि त्याचं बियाणं आणलं. 1943 मध्ये ते 'केंटकी 31' या नावाने प्रसारित झालं आणि अमेरिकेच्या आग्नेय भागात कुरणंच्या कुरणं त्याने व्यापली. तग धरणारं, तुडवलं तरी उठणारं, किडीला दाद न देणारं गवत होतं ते. पण त्यावर चरणारी गुरं उन्हाळ्यात धापा टाकत, पाण्यात जाऊन उभी राहत, वजन धरत नसत. हिवाळ्यात काहींचे खूर सडत. घोड्यांच्या गाभण माद्यांचे दिवस लांबत आणि व्यायल्यावर दूध उतरत नसे. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं.

1977 मध्ये चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी विषारी कुरणातल्या फेस्क्यूमध्ये बुरशी असल्याचं दाखवून दिलं. ती युरोपात आधीपासून माहीत असलेल्या एपिक्लोई टायफिना या बुरशीसारखी दिसत होती, म्हणून तेच नाव वापरलं गेलं. हे पहिलं नाव.

पण एपिक्लोई टायफिना गवतावर उघडपणे दिसते. फुलोरा बाहेर पडायच्या आतच दांड्याभोवती तिचा पांढरा थर चढतो आणि फुलोरा आतच कोंडला जातो. टॉल फेस्क्यूमधली बुरशी असं काही करताना दिसत नव्हती. तिची लैंगिक अवस्था कुणाला सापडतच नव्हती. म्हणून 1982 मध्ये मॉर्गन-जोन्स आणि वॉल्टर गाम्स यांनी तिला वेगळी जाती ठरवलं आणि अलैंगिक बुरशींच्या अॅक्रेमोनियम प्रजातीत ठेवलं: अॅक्रेमोनियम सीनोफायलम. हे दुसरं नाव.

अॅक्रेमोनियम ही प्रजाती साध्या रचनेच्या, एकमेकींशी फारसं नातं नसलेल्या बुरशींनी भरलेली होती. डीएनएचा क्रम वाचता येऊ लागल्यावर ते स्पष्ट झालं. 1996 मध्ये ग्लेन, बेकन आणि सहकाऱ्यांनी गवतातल्या बुरशींना त्यातून बाहेर काढून निओटायफोडियम ही नवी प्रजाती केली. तिसरं नाव: निओटायफोडियम सीनोफायलम. गवतातल्या बुरशींवरचं पुढच्या सतरा-अठरा वर्षांचं बहुतेक लेखन या प्रजातीच्या नावाखाली आहे.

2014 मध्ये लॉइखटमान, बेकन, शार्डल, व्हाइट आणि टॅडिच यांनी निओटायफोडियममधल्या जाती एपिक्लोईत हलवल्या. चौथं आणि आजचं नाव: एपिक्लोई सीनोफायला. प्रजातीपुरतं पाहिलं तर फिरून पुन्हा 1977 च्याच जागी आलो, पण या वेळी नात्याचा पुरावा हाताशी होता.

एकाच बुरशीला दोन नावं देण्याची पद्धत मुळात का होती?

बुरशीची लैंगिक अवस्था आणि अलैंगिक अवस्था दिसायला इतक्या वेगळ्या असतात की दोन्ही एकाच जिवाच्या आहेत हे ओळखणं अवघड जातं. अनेक बुरशींची तर एकच अवस्था माहीत असते. म्हणून 1910 च्या ब्रुसेल्स परिषदेपासून नियमांनी दोन नावांना परवानगी दिली. सूक्ष्मदर्शक हेच मुख्य साधन होतं त्या काळात हा मार्ग व्यवहार्य होता, आणि त्यामुळेच हजारो बुरशींची नोंद झाली हे विसरता कामा नये.

डीएनए आल्यावर अडचण सुरू झाली. एपिक्लोई आणि निओटायफोडियम यांच्या जाती वंशवृक्षावर एकमेकींत मिसळलेल्या निघाल्या. दोन वेगळ्या फांद्या नव्हत्याच त्या.

मग नियम कधी बदलला?

एप्रिल 2011 मध्ये 'एक बुरशी, एक नाव' हा अॅम्स्टरडॅम जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी जुलैमध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने दुहेरी नावांचा नियम रद्द केला. 1 जानेवारी 2013 पासून एका बुरशीला एकच वैध नाव. त्याच परिषदेत नियमावलीच्या नावातही शैवाल आणि बुरशी यांचा स्वतंत्र उल्लेख आला. 2018 मध्ये प्वेर्तो रिकोतल्या सान हुआन इथे भरलेल्या बुरशीशास्त्र परिषदेपासून बुरशींपुरते नियम बुरशीशास्त्रज्ञच ठरवतात. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

दोन नावांतून एपिक्लोई का राहिलं, निओटायफोडियम का गेलं?

जुनं नाव आधी, हा मूळ नियम. तुलान बंधूंनी एपिक्लोई ही प्रजाती 1865 मध्ये मांडली, निओटायफोडियम 1996 मधली. त्यातली टायफिना ही जाती तर पर्सून यांनी 1798 मध्येच, स्फेरिया या प्रजातीत घालून, वर्णन केली होती.

लैंगिक अवस्थेचं नाव नेहमी जिंकतं असं मात्र समजू नका. मक्यातल्या फ्युझेरियमचं उदाहरण घ्या. तिथे लैंगिक अवस्थेचं नाव जिबरेला होतं, पण फ्युझेरियम हे 1809 पासूनचं जुनं आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. तेच राहिलं.

निओटायफोडियममधल्या सगळ्याच जाती एपिक्लोईत गेल्या का?

नाही. 2014 च्या त्या कामात एपिक्लोईत जाती, उपजाती आणि प्रकार मिळून 43 घटक मान्य झाले. निओटायफोडियम चिलेन्से बाहेर राहिली, कारण तिचं नातं या गटाशी जुळत नाही. निओटायफोडियम स्टारी हे नाव संदिग्ध ठरवलं गेलं. म्हणून जुन्या लेखात 'निओटायफोडियम' दिसलं की डोळे झाकून 'एपिक्लोई' लिहू नये. प्रत्येक नाव तपासावं.

नावापुढे माणसांची नावं आणि कंस असतात, ते कसं वाचायचं?

पूर्ण नाव असं लिहितात: एपिक्लोई सीनोफायला (मॉर्गन-जोन्स आणि डब्ल्यू. गाम्स) सी. डब्ल्यू. बेकन आणि शार्डल. कंसातल्या दोघांनी ही जाती पहिल्यांदा वर्णन केली, कंसाबाहेरच्या दोघांनी ती आजच्या प्रजातीत आणली. म्हणजे कंस दिसला की समजायचं, ही जाती आधी दुसऱ्या घरात नांदत होती. फेरफाराच्या नोंदीत आधीच्या खातेदाराचं नाव राहतं, तसं मूळ वर्णन करणाऱ्याचं नाव कधी पुसलं जात नाही. मला या पद्धतीतली ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

सीनोफायलमचं सीनोफायला का झालं?

व्याकरणामुळे. अॅक्रेमोनियम आणि निओटायफोडियम ही नपुंसकलिंगी नावं, एपिक्लोई स्त्रीलिंगी. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, मराठीसारखंच. शोध घेताना दोन्ही शेवट वापरून पाहा, नाहीतर अर्धे लेख हातून निसटतील.

या बुरशी संकरित असतात म्हणजे काय? मग त्यांना वेगळी जाती कसं म्हणायचं?

वर्गीकरणातला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर भाग आहे.

साधारण जातीचा एक पूर्वज असतो आणि वंशवृक्षावर तिला एक जागा मिळते. एपिक्लोई सीनोफायलामध्ये बीटा-ट्युब्युलिन हे एकच जनुक पाहिलं तर त्याच्या तीन वेगवेगळ्या प्रती सापडतात. त्यांतली एक एपिक्लोई फेस्टुकीच्या जनुकाशी जुळते, दुसरी एपिक्लोई टायफिनाच्या गटाशी, आणि तिसरी रायग्रास या चाऱ्याच्या गवतातल्या बुरशींत आढळणाऱ्या आणखी एका वंशाशी. म्हणजे तीन पूर्वजांची सामग्री एकाच बुरशीत एकत्र आली आहे. हे 1994 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर अनेक अलैंगिक जाती अशाच संकरित निघाल्या. मेडो फेस्क्यू या गवतातली एपिक्लोई अनसिनाटा ही दोन पूर्वजांची.

हा संकर लैंगिक मीलनातून झालेला नसावा. एकाच गवतात दोन बुरशी शेजारी वाढताना त्यांचे तंतू जुळले आणि केंद्रकं एकत्र आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मग जाती कशी ठरवायची? लैंगिक एपिक्लोईंसाठी मीलनाची चाचणी घेता येते. एका बुरशीचे बीजाणू दुसरीच्या पांढऱ्या थरावर लावायचे आणि फलन होतं का ते बघायचं. निसर्गात हे काम बोटॅनोफिला नावाच्या माश्या करतात. त्या थरावर अंडी घालतात, थर खातात, आणि पोटातून गेलेले बीजाणू दुसऱ्या थरावर टाकतात. फलन झालं की पांढरा थर पिवळा-नारिंगी होत जातो. ज्या बुरशी हा थर बनवतच नाहीत त्यांना ही कसोटी लावता येत नाही. त्यांच्यासाठी पूर्वज कोण, यजमान गवत कोणतं आणि बीजाणू कसे, हे सगळं मिळून निर्णय होतो. त्यातही पूर्वजांची जोडी सर्वांत भरवशाची. एकाच जनुकावर संकरित जाती ओळखायला जाल तर फसाल, कारण हातात पडलेली प्रत कोणत्या पूर्वजाची यावर उत्तर बदलेल.

एफएटीजी-2, एलपीटीजी-2 असली सांकेतिक नावं कशाची?

1993 मध्ये न्यूझीलंडमधल्या क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी टॉल फेस्क्यू आणि बारमाही रायग्रासमधल्या बुरशींचे गट पाडले. तेव्हा सगळ्यांना लॅटिन नावं देण्याइतका पुरावा नव्हता. म्हणून गवताच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरं घेऊन गट क्रमांक दिले. एफएटीजी-1 म्हणजे आजची एपिक्लोई सीनोफायला. एलपीटीजी-2 ला पुढे एपिक्लोई हायब्रिडा हे रीतसर नाव मिळालं. घाईने नाव देण्यापेक्षा क्रमांक देऊन थांबणं मला केव्हाही जास्त प्रामाणिक वाटतं.

नावावरून बुरशी जनावरांना विषारी आहे की नाही ते कळतं का?

नाही, आणि या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे.

बारमाही रायग्रासमधली बुरशी म्हणजे एपिक्लोई फेस्टुकी, प्रकार लोलाय. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांना उन्हाळ्यात अडखळण्याचा आजार व्हायचा. मान थरथरायची, पळवलं की पाय अडखळून मेंढी कोसळायची. फ्लेचर आणि हार्वे यांनी 1981 मध्ये त्याचा संबंध या बुरशीशी जोडला. दोषी द्रव्य लोलिट्रेम-बी. पण हीच बुरशी पेरामीनही बनवते, आणि पेरामीनमुळे अर्जेंटाइन खोडभुंगा गवताला तोंड लावत नाही. बुरशी नसलेलं बियाणं पेरलं तर मेंढ्या वाचतात आणि कुरण भुंगे खातात.

यावर तोड निघाली ती जातीच्या पातळीच्याही खाली जाऊन. एकाच जातीतल्या वेगवेगळ्या वाणांची रसायनं वेगळी असतात. एआर-1 हा वाण पेरामीन बनवतो, पण लोलिट्रेम-बी आणि एर्गोव्हॅलिन ही जनावरांना बाधणारी द्रव्यं बनवत नाही. तो 2001 मध्ये बाजारात आला. एआर-37 हा 2007 मधला, त्याची रसायनं आणखी निराळी. अमेरिकेत टॉल फेस्क्यूसाठीही एर्गोव्हॅलिन न बनवणारे वाण निवडून बियाण्यात घातले गेले. या गवताने गुरं आजारी पडतात ती मुख्यतः एर्गोव्हॅलिनमुळे. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि थंडीत खुरांपर्यंत रक्त पोचत नाही.

म्हणून अहवालात नुसतं 'एपिक्लोई आढळली' असं लिहिलं असेल तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. वाण कोणता आणि द्रव्यं कोणती, हे विचारायलाच हवं. नाव नातं सांगतं. विष किती ते सांगत नाही.

यजमान गवताचं नावही बदलतं का?

बदलतं. टॉल फेस्क्यू तुम्हाला फेस्टुका अरुंडिनेशिया, लोलियम अरुंडिनेशियम आणि शेडोनोरस अरुंडिनेशियस अशा तिन्ही नावांनी भेटेल. गवत तेच.

ही बुरशी डोळ्यांनी पाहता येते का?

प्रयोगशाळेत सहज. गवताचं पान जिथे खोडाला वेढून बसतं तो भाग घ्या. त्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवर ठेवा, अॅनिलिन ब्लूचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. लांबट पेशींच्या रांगांच्या मधून निळे, नागमोडी, क्वचितच फांद्या फुटलेले तंतू पेशींना समांतर धावताना दिसतात. पेशीच्या आत ते शिरत नाहीत. पहिल्यांदा बघणारा विद्यार्थी हमखास थोडा वेळ गप्प होतो. बियाण्यात बघायचं तर आधी ते मऊ करून घ्यावं लागतं. तिथे तंतू दाण्याच्या सालीखालच्या थरात गुंतलेले असतात.

बियाणं साध्या खोलीत एक-दोन वर्षं पडून राहिलं तर बुरशी मरू शकते, दाणा मात्र उगवतो. रंगवल्यावर मेलेले तंतूही दिसतात, म्हणून बुरशी जिवंत आहे का हे बघायला रोप उगवूनच तपासावं.

आपल्या गव्हात, ज्वारीत, उसात, हरळीत एपिक्लोई आहे का?

ज्वारी, ऊस, हरळी ही उष्ण हवामानातली गवतं. एपिक्लोईचं घर थंड हवामानातल्या गवतांच्या उपकुळात. गहू आणि सातू त्या उपकुळातले आहेत, पण आपण पेरतो त्या गव्हात ती सहसा नसते. सातूच्या काही रानटी नातलगांत मात्र आढळते.

याचा अर्थ आपल्याकडे या कुळाचा काही संबंध नाही असा नाही. भाताचा उदबत्ता रोग घ्या. बुरशी रोपात आतून वाढते आणि लोंबी बाहेर पडते ती फुललेली नसते. सगळे दाणे एकमेकांना चिकटून, करड्या थरात गुंडाळलेली, सरळ उदबत्तीसारखी कांडी बाहेर येते. तिच्या अलैंगिक अवस्थेला 1914 मध्ये एफेलिस ओरायझी हे नाव मिळालं, लैंगिक अवस्थेसाठी बॅलान्सिया हे प्रजातीचं नाव वापरात आलं. तीच दुहेरी नावांची कथा, आपल्या भाताच्या शेतात. बाजरीच्या अरगटाची क्लॅव्हिसेप्स फ्युझिफॉर्मिस याच कुळातली, पण ती फक्त फुलावर हल्ला करते, म्हणून तिला अंतर्वासी म्हणत नाहीत.

मक्याच्या रोपात फ्युझेरियम व्हर्टिसिलिऑइडीस पुष्कळदा कुठलंही लक्षण न दाखवता राहते. जुन्या पुस्तकांत ती फ्युझेरियम मोनिलिफॉर्मे या नावाने आहे. ती फ्युमोनिसिन हे विष बनवू शकते, म्हणून मका साठवणाऱ्यांनी दोन्ही नावं लक्षात ठेवावीत.

पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही पण अंतर्वासी बुरशी आहे ना?

आहे, पण ती एपिक्लोईची नातलग नाही. राजस्थानच्या थर वाळवंटात झुडपांच्या मुळांजवळ ती सापडली आणि 1998 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. 2016 मध्ये ती सेरेंडिपिटा प्रजातीत गेली, म्हणून आता सेरेंडिपिटा इंडिका. ती भूछत्रांच्या विभागातली आहे आणि मुळांत राहते. सातूच्या मुळांत तिच्यावर बरंच काम झालं आहे. 'अंतर्वासी' हा शब्द राहण्याची जागा सांगतो, वंश नाही. एकमेकींपासून फार दूरच्या बुरशीही अंतर्वासी असू शकतात.

जुन्या लेखांत शोध घेताना काय करावं?

इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या बुरशींच्या नावांच्या ऑनलाइन सूचींमध्ये आजचं नाव टाका, समानार्थी नावांची यादी काढा, आणि प्रत्येक नावाने स्वतंत्र शोध घ्या. टॉल फेस्क्यूच्या बुरशीसाठी 1977 ते 1982 मध्ये एपिक्लोई टायफिना, पुढे 1996 पर्यंत अॅक्रेमोनियम, नंतर 2014 पर्यंत निओटायफोडियम, असा ढोबळ काळ धरून चालतं. 1977 च्या सुमाराच्या लेखातली 'एपिक्लोई टायफिना' म्हणजे आजची एपिक्लोई टायफिनाच असं धरू नका. गवत कोणतं होतं ते आधी बघा. स्वतःच्या प्रबंधात आजचं नाव वापरा आणि पहिल्या उल्लेखाशेजारी जुनं नाव कंसात द्या. वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात.

एखाद्या गवतात नवी जाती सापडली तर नाव देता येईल का?

येईल, पण तयारी लागते. यजमान गवताचा वाळवलेला नमुना, बुरशीचं शुद्ध संवर्धन, किमान दोन-तीन जनुकांचे क्रम, आणि जवळच्या जातींशी तुलना. आगरवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जेलीसारख्या माध्यमावर, ही बुरशी फार सावकाश वाढते. पानाच्या तुकड्यातून पांढरा कापसासारखा पुंजका दिसायला काही आठवडे जाऊ शकतात, तोवर इतर जलद बुरशींनी बशी भरून जाऊ नये म्हणून तुकडे नीट निर्जंतुक करून घ्यावे लागतात. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत लिहावं लागतं. प्रमाण नमुना निश्चित करून संग्रहालयात ठेवावा लागतो, आणि तो जिवंत वाढणारा चालत नाही, वाळवलेला किंवा गोठवून निष्क्रिय केलेला लागतो. 2013 पासून मान्य नोंदणीकेंद्राचा क्रमांकही सक्तीचा आहे. वर्णन, प्रमाण नमुना किंवा क्रमांक यांतलं काही राहिलं तर नाव वैध धरलं जात नाही, मग शोध कितीही खरा असो. नमुना गोळा करतानाच ठिकाण, तारीख आणि गवताची ओळख वहीत लिहून ठेवा. ती माहिती नंतर मिळवता येत नाही.